घरच्या मैदानाच्या तारखा

महाराष्ट्रात व्यावसायिक बास्केटबॉलचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या दोन टोकांना जाऊन थांबते. एका बाजूचे म्हणणे असे की मुंबईत किंवा पुण्यात पंधरा-वीस हजार प्रेक्षकांचे वातानुकूलित प्रेक्षागृह उभे राहिल्याशिवाय या खेळाचा व्यावसायिक संघ तगणारच नाही, म्हणून सरकारने आधी जागा द्यावी, संघ मागाहून येतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की जिथे क्रिकेटपुढे दुसऱ्या खेळाचे काही चालत नाही, तिथे एका खासगी संघासाठी सार्वजनिक जागा अडवणे हा अपव्यय आहे. ज्याला संघ चालवायचा आहे त्याने आपली जागा आपण पाहावी. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि घरचे मैदान म्हणजे स्वतंत्र इमारत, हे दोघीही गृहीत धरतात. माझ्या मते हे गृहीतच चुकीचे आहे. नव्या संघाला पहिली काही वर्षे हवी असते ती हक्काची तारीख, म्हणजे आज उभ्या असलेल्या एखाद्या मध्यम हॉलमध्ये, ठरलेल्या वारी, ठरलेल्या भाड्याने, वर्षभर आधी लेखी मिळालेली संध्याकाळ. ती देणे हे सार्वजनिक संस्थांचे काम आहे, नवी इमारत बांधून देणे हे त्यांचे काम नाही. आणि ज्या संघाने शहराचे नाव लावले आहे त्याने त्या शहरात येऊन खेळले पाहिजे, ही जबाबदारी लीगची आहे.

आजची स्थिती काय आहे? इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये मुंबई टायटन्स नावाचा संघ आहे. २०२५ मध्ये या लीगच्या प्रो स्पर्धेत सहा संघ उतरले आणि सामने दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये झाले. त्याआधी २०१५ मध्ये सुरू झालेल्या युनायटेड बास्केटबॉल अलायन्समध्ये मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे महाराष्ट्राचे दोन संघ होते; ती लीग काही वर्षांतच थांबली. पुण्यातल्या किती शाळकरी मुलांना पेशवाजचा एखादा खेळाडू नावाने ओळखता आला असता? खेळाडू कमी पडले असे मी म्हणणार नाही. ज्या संघाच्या नावात आपले गाव आहे पण ज्याचा सामना पाहायला आपल्या गावात कुठे जायचे हे सांगता येत नाही, त्या संघाशी माणसाचे नाते जुळायला वावच राहत नाही.

आता साधा हिशेब मांडू. सहा संघांची लीग आहे आणि प्रत्येक संघ इतर पाच संघांशी दोनदा खेळतो असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा सामने येतात. त्यांतले पाच घरी, पाच बाहेर. म्हणजे घर मिळत नाही, घर मिळत नाही अशी जी ओरड चालते, ती प्रत्यक्षात वर्षातल्या पाच संध्याकाळींसाठी आहे. लीग दुप्पट लांबवली तरी संध्याकाळी दहाच होतात. प्रत्येक सामन्याला आदल्या दिवशीची मांडणी आणि सराव धरला तर वीस दिवस. तीनशे पासष्टांपैकी वीस दिवसांसाठी शेकडो कोटींचे प्रेक्षागृह मागणे जितके अवाजवी आहे, तितकेच वीस दिवससुद्धा देता येणार नाहीत म्हणणे अवाजवी आहे. चर्चा इमारतीवर अडकल्यामुळे हा आकडा कोणी काढतच नाही.

इमारत मिळाली नाही म्हणून संघ मेला, असे क्वचित घडते. तारीख मिळाली नाही म्हणून काय होते याचे उदाहरण मात्र बास्केटबॉलच्या इतिहासात ठसठशीत आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत एबीए ही नवी लीग सुरू झाली आणि तिच्यात न्यू जर्सी अमेरिकन्स हा संघ आला. आर्थर ब्राउन या मालकाला खरे तर संघ न्यू यॉर्कमध्ये, लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरच्या ६९व्या रेजिमेंटच्या आर्मरीत, म्हणजे राखीव सैनिकांच्या कवायतीच्या मोठ्या हॉलमध्ये खेळवायचा होता. शहरातला प्रस्थापित संघ असलेल्या निक्सच्या दडपणामुळे तो बेत मोडला आणि नवा संघ नदीपलीकडे टीनेकच्या आर्मरीत गेला. पहिल्या हंगामाअखेर, मार्च १९६८ मध्ये, अमेरिकन्स आणि केंटकी कर्नल्स चौथ्या स्थानासाठी बरोबरीत राहिले. बाद फेरीत कोण जाणार हे ठरवायला एक जादा सामना घ्यायचा होता आणि तो अमेरिकन्सच्या घरी होणार होता. पण त्या दिवसांत टीनेकच्या हॉलमध्ये सर्कस उतरली होती. धावपळ करून लाँग आयलंडवरच्या कोमॅक येथील हॉल मिळवला, तर तिथल्या लाकडी जमिनीच्या काही फळ्या आणि बोल्ट जागेवर नव्हते, बास्केटच्या खांबांना गाद्या नव्हत्या. कर्नल्सनी खेळायला नकार दिला आणि लीगचे आयुक्त जॉर्ज मायकन यांनी घरच्या संघाने सामना सोडून दिल्याचा निर्णय दिला. हंगामभर खेळून मिळवलेली संधी मैदानावर पाऊल न ठेवता गेली.

या प्रसंगात इमारतींचा तुटवडा कुठेच नाही. टीनेकचा हॉल होता, कोमॅकचा होता, लेक्झिंग्टन अव्हेन्यूवरचाही होता. त्या विशिष्ट संध्याकाळी एकही आपला नव्हता, कारण करार कच्चा होता आणि घरच्या संघाचा क्रम सर्कशीच्या नंतर लागत होता. ज्या निक्सनी नव्या संघाला लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर येऊ दिले नाही, ते स्वतः त्यांच्या पहिल्या दीड दशकात अनेक घरचे सामने त्याच आर्मरीत खेळले होते, आणि तेही मॅडिसन स्क्वेअर गार्डन या आपल्या मोठ्या प्रेक्षागृहात त्यांच्यासाठी तारीख मोकळी नसे म्हणून. प्रस्थापित झालेला संघ आपल्या भाडेकरूपणाचे दिवस किती लवकर विसरतो, हे मला या कथेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकन्स पुढच्या हंगामात त्याच कोमॅकच्या हॉलमध्ये न्यू यॉर्क नेट्स या नव्या नावाने राहायला गेले. तिथून दुसरा हॉल, आणि १९७२ मध्ये नासाऊ कोलिझियम. तिथे स्थिरावल्यावर ज्यूलियस अर्व्हिंग या खेळाडूच्या जोरावर त्यांनी १९७४ आणि १९७६ ची विजेतेपदे मिळवली. १९७६ मध्ये ते एनबीएत, म्हणजे निक्स जिच्यात खेळत त्या जुन्या लीगमध्ये, दाखल झाले तेव्हा निक्सच्या क्षेत्रात खेळण्याबद्दल निक्सना ४८ लाख डॉलर देणे त्यांच्यावर आले, पैशांच्या त्या ओढीत अर्व्हिंगला विकावे लागले, आणि वर्षभरात संघ पुन्हा न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या विद्यापीठातल्या हॉलमध्ये गेला. घरच्या जागेचा हक्क पहिल्या दिवशी स्पष्ट नसला की त्याची किंमत संघ किती वर्षे फेडत राहतो, याचा हा पुरावा आहे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा लीग चालवणाऱ्यांचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात की सगळे संघ एका शहरात आणले की एकच लाकडी कोर्ट टाकावे लागते, कॅमेऱ्यांची एकच तुकडी लागते, पंच आणि खेळाडू एकाच जागी राहतात, प्रवासाचा खर्च वाचतो. नवी लीग पहिली अनेक वर्षे तोट्यातच असते. तोटा आवरला नाही तर घरचे मैदानही नाही आणि लीगही नाही. हे खरे आहे. ज्याने स्वतःचे पैसे गुंतवले आहेत त्याला हा हिशेब शिकवण्याचा अधिकार मला नाही. शिवाय त्यांच्याकडे प्रो कबड्डीचे उदाहरण आहे. २०२४ च्या जानेवारीत मुंबईत सामने झाले, पण त्यानंतरच्या दोन हंगामांत यू मुम्बा हा मुंबईचाच संघ मुंबईत एकदाही खेळला नाही. अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे झाला, बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. तरी लीग चालू आहे, प्रक्षेपण चालू आहे.

पण कबड्डीचा क्रम नीट पाहिला पाहिजे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आठही संघ आपापल्या शहरांत खेळले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुम्बाचे सामने पाहायला लोक आले, त्यांनी संघाची गाणी म्हटली, चढाईपटूंची नावे पाठ केली, आणि दुसऱ्याच हंगामात तो संघ विजेता झाला. आधी घर झाले, घरामुळे प्रेक्षक झाले, आणि ते प्रेक्षक पुढे टीव्हीसमोर बसले. कबड्डीला आणखी एक आधार होता: महाराष्ट्रातल्या गावागावांत तिचे संघ शंभर वर्षे खेळत आले आहेत, पकड आणि चढाई कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बास्केटबॉलकडे ही पुंजी नाही. ज्या खेळाला प्रेक्षक अजून घडवायचे आहेत, त्याने प्रेक्षक घडवण्याचे ठिकाणच खर्चात कापले तर उरते काय? एका शहरात भरवलेली स्पर्धा ही चांगली स्पर्धा असू शकते. तिच्यातल्या संघांना शहरांची नावे देण्याचे कारण मात्र मग राहत नाही. आणि मधला मार्ग आहेच. पाचांपैकी दोन सामने घरी खेळवा, तेही सलग शनिवार-रविवारी, म्हणजे कोर्ट एकदाच टाकावे लागेल आणि कॅमेऱ्यांची तुकडी एकाच फेरीत दोन सामने टिपेल. दोनाचे तीन, तीनाचे पाच करायला वर्षे लागली तरी हरकत नाही, पण शून्यापासून सुरुवात करून संघाला गाव मिळत नाही.

दुसरा मुद्दा भाडेकरूच्या मानाचा आहे. दुसऱ्याच्या दारात उभे राहिलेल्याला कायम दुय्यम वागणूक मिळते, म्हणून स्वतःचे बांधा, असे म्हणणाऱ्यांना मुंबईतच दाखला सापडतो. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, आणि सामन्यांच्या तिकिटांवरून क्लबचे आणि मुंबईच्या क्रिकेट संघटनेचे वर्षानुवर्षे वाजत होते. शेवटी शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम बांधून काढले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. मुंबईकरांना वानखेडेचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण हा दाखला दोन कारणांनी नव्या संघाला लागू पडत नाही. एक म्हणजे बांधणारी संघटना कित्येक दशकांची होती, तिच्यामागे शेकडो क्लब होते, आणि मैदान भरेल की नाही हा प्रश्नच तिला नव्हता. दुसरे म्हणजे त्या भांडणाची किंमत शहराने मोजली. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतरची पुढची कसोटी थेट २००९ मध्ये झाली. एका मैलाच्या आत दोन भव्य स्टेडियम, आणि त्यांतले एक साडेतीन दशके कसोटीवाचून. कोणाला किती तिकिटे आणि किती तारखा, एवढे कागदावर पक्के झाले असते तर दक्षिण मुंबईतली ती जागा दुसऱ्या एखाद्या खेळाच्या उपयोगी पडली नसती का?

आता भव्य प्रेक्षागृहाच्या बाजूने अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो शहराचा दाखला दिला जातो, आणि त्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले, वाढलेले. २०१३ मध्ये त्यांच्या गटाने सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीएतला संघ विकत घेतला, संघ सिएटलला जाण्याचे टळले आणि २०१६ मध्ये नवे प्रेक्षागृह उघडले. त्यात शहराचा वाटा सुमारे २५ कोटी डॉलरचा होता. सॅक्रामेंटोच्या नगर परिषदेने तो निर्णय घेतला तो सुमारे तीन दशके जपलेला संघ जाऊ नये म्हणून. प्रेम आधीचे होते, पैसे नंतरचे. तरीही अशा सार्वजनिक खर्चाचा शहराला आर्थिक परतावा मिळत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचे जेवढे एकमत आहे तेवढे फार थोड्या विषयांवर असते. ब्रुकलिनमध्ये तर नेट्सच्याच नव्या प्रेक्षागृहासाठी सरकारने लोकांच्या घरांची सक्तीने संपादने केली, न्यायालयाने २००९ मध्ये ती वैध ठरवली, २०१२ मध्ये प्रेक्षागृह झळाळत उभे राहिले, आणि त्याच प्रकल्पात कबूल केलेली परवडणारी घरे मात्र ठरल्या मुदतीत पुरी झाली नाहीत. जमिनीच्या भावाने आधीच माणसे उठवणाऱ्या मुंबईत असा प्रयोग कोणी सुचवू नये.

मला अनुकरणीय वाटते ते पॅरिस. तिथे २०१८ मध्ये पॅरिस बास्केटबॉल हा अगदी नवा संघ निघाला आणि दुसऱ्या श्रेणीतून खेळू लागला. शहरात मनाजोगता हॉल नव्हता. संघ तेराव्या विभागातल्या जॉर्ज कारपांतिए या जुन्या हॉलमध्ये राहिला, तिथूनच वरच्या श्रेणीत चढला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पोर्त द ला शापेलच्या आठ हजारांच्या नव्या प्रेक्षागृहात गेला. त्याच वर्षी त्याने युरोकप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी फ्रान्सचे विजेतेपद मिळवले. हे प्रेक्षागृह ऑलिंपिकच्या बॅडमिंटनसाठी आणि तालबद्ध जिम्नॅस्टिक्ससाठी बांधले होते, एका संघाच्या हट्टासाठी नव्हे, आणि ऑलिंपिक प्रत्येक शहराच्या नशिबी नसते, हे मान्य. पण त्या इमारतीतच आसपासच्या शाळांसाठी आणि मंडळांसाठी दोन व्यायामशाळा ठेवल्या आहेत आणि मालकी शहराची आहे. आधी जुन्या हॉलमध्ये पाच-सहा वर्षे काढायची, प्रेक्षक जमवून दाखवायचे, मग सार्वजनिक इमारतीत भाडे भरून यायचे, हा क्रम आपल्याला का जमू नये?

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र हौशी खेळाडूंच्या बाजूने येतो, आणि तो मला मनापासून पटतो. आपल्याकडे छप्पर असलेली कोर्ट मोजकीच आहेत. पावसाळ्याचे चार महिने तर उघड्यावरचा सगळा खेळ थांबतो. छपराखालच्या त्या मोजक्या जागांत पहाटे बॅडमिंटनची मुले, दुपारी शाळांच्या स्पर्धा, संध्याकाळी क्लब असतात. व्यावसायिक संघ आला की याच लोकांना बाहेर काढणार. मुंबईत बास्केटबॉल जगवला तो नागपाड्याने. अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात तिथे उभ्या केलेल्या नेबरहुड हाऊसपासून मस्तान तलावाच्या आणि बच्चूखान मैदानाच्या उघड्या कोर्टांपर्यंत, त्या दाट वस्तीने हा खेळ पिढ्यान्पिढ्या सांभाळला आणि भारताचे कर्णधारपद भूषवलेले, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर यांच्यासारखे खेळाडू दिले. तिथल्या मुलांच्या वाट्याची संध्याकाळ काढून घेऊन कोणत्या मुंबईचा संघ उभा राहणार?

याचे उत्तरही तारखेतच आहे. हौशी खेळाडूंना आज कोण हटवते, हे एखाद्या क्रीडा संकुलाच्या कार्यालयात आरक्षणाची वही उघडून पाहावे. लग्ने, प्रदर्शने, कंपन्यांचे समारंभ, मेळावे. यांना कोणी अडवत नाही, कारण ते पूर्ण भाडे देतात आणि ऐन वेळी येतात. हॉलच्या खेळण्याच्या जमिनीवर जाजम अंथरून त्यावर जेवणाची टेबले लागतात, दुसऱ्या दिवशी मुले येतात तेव्हा फळ्यांवर तेलकट डाग असतात आणि २८ बाय १५ मीटरच्या कोर्टाच्या एका कोपऱ्यात चेंडू टप्पा घेतल्यावर मरतो, कारण खाली पाणी मुरून फळी फुगलेली असते. व्यावसायिक संघ आला तर त्याला ही जमीन चांगली हवीच असते. ती ठेवण्याची अट करारात घालता येते आणि तिचा लाभ उरलेले साडेतीनशे दिवस हौशी मुलांना होतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे सामने वरळीच्या डोममध्ये झाले तेव्हा पहिल्या सामन्याला तीन हजारांहून अधिक शाळकरी मुले बसली होती. तो हॉल खास बास्केटबॉलचा नाही. कोर्ट टाकले गेले, तारीख पक्की होती, खेळ झाला. पुढच्याच वर्षी तिथे करोनाचे रुग्ण होते. सार्वजनिक उपयोगाची मोठी छप्परे अशीच अनेक कामांना येतात आणि आलीही पाहिजेत, म्हणून ती एका संघाच्या मालकीची नसावीत हे मी पुन्हा म्हणतो.

तारखा वाटायचे कसब आपल्याला परके नाही. मराठी व्यावसायिक रंगभूमी याच रीतीवर उभी आहे. आज दौऱ्यावर असलेल्या बहुतेक नाट्यसंस्थांकडे स्वतःचे नाट्यगृह नाही. त्यांच्याकडे तारखा असतात. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये महापालिकेने बांधले ते कोणा एका संस्थेसाठी नाही. तिथल्या तारखा काही महिन्यांच्या आगाऊ वाटल्या जातात आणि निर्माता त्या हातात घेऊनच प्रयोगांची आखणी करतो, जाहिरात देतो, नटांच्या वेळा ठरवतो. या वाटपाबद्दल तक्रारी खूप आहेत, राजकीय कार्यक्रमांसाठी ऐन वेळी नाटकाची तारीख काढून घेतली जाते हा रागही रास्त आहे. पण व्यवस्था आहे, तिचे नियम आहेत, आणि ती मोडली की भांडायला जागा आहे. क्रीडा संकुलांमध्ये अशी वाटपाची रीत रुजली तर संघांना वर्षाच्या सुरुवातीला आपले पाच शनिवार कळतील, जिल्हा संघटनांना त्यांचे दिवस कळतील आणि लग्नाच्या हॉलवाल्यांना उरलेले.

ही तारीख फुकट नसावी. भाडे जाहीर असावे, सर्व खेळांना सारखे असावे, आणि संघाने तीन वर्षांचा करार करून अनामत ठेवावी. सामन्याच्या दिवशी सकाळी संघाच्या प्रशिक्षकांनी शहरातल्या मुलांना त्याच कोर्टावर दोन तास शिकवावे आणि काही शे जागा शाळांसाठी राखून ठेवाव्यात, हे करारातच लिहावे. संकुलाने तारीख मोडली तर अनामतीच्या दुप्पट भरपाई द्यावी, मग पाहुणा कोणीही असो. आणि एखाद्या हंगामात लीगने सगळे सामने पुन्हा दुसऱ्या शहरात हलवले तर संघाची अनामत जप्त होऊन ती रक्कम कोर्टाच्या जमिनीच्या दुरुस्तीला जावी, त्याच्या पाच संध्याकाळी त्याच दिवशी जिल्हा संघटनेच्या आंतरशालेय स्पर्धेला द्याव्यात, आणि पुढच्या वर्षी त्या संघाने वाटपाच्या रांगेत पुन्हा शेवटून उभे राहावे.